सहा किलोमीटर आणि एक चड्डी

हा ब्लॉग काका, आत्या आणि सासरची मंडळीही वाचतात, हे मला माहीत आहे. तरी आज लिहितेच. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी इथेच थांबावं, राग नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी ऑफिसला सायकलने जायला लागले. कोथरूड ते शिवाजीनगर, जेमतेम सहा किलोमीटर. हौस दांडगी. पण पंधरा दिवसांत बसायची चोरी झाली. जांघेत काचलेलं, जिथे जिथे शिवण तिथे तिथे लाल चट्टे. डेक्कनच्या सिग्नलला मी सीटवरून उतरून उभी राहायची, तेवढाच आराम.

मग दुकानात गेले. विक्रेता माझ्याकडे न बघताच बोलत होता. त्याने सगळ्यात जाड पॅडची शॉर्ट पुढे ठेवली आणि "लेडीज पण हीच नेतात" म्हणून मोकळा झाला. मीही लाजेने काही न विचारता पैसे देऊन बाहेर पडले. वरून सलवार घातली की मी लंगोट बांधलेल्या बाळासारखी चालायचे. शिवाय अडाणीपणाने आत रोजची चड्डीही होतीच. म्हणजे जी शिवण काचत होती ती जागच्या जागी, आणि वर गादी!

पॅडच्या आत काही घालायचं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. ते कातडीला लागूनच हवं. मऊ बसता यावं एवढ्यासाठीच ते नसतं, घासणं कमी व्हावं म्हणूनही असतं. पूर्वी तिथे शॅम्वा नावाच्या डोंगरी प्राण्याचं मऊ कातडं लावत, म्हणून आजच्या कृत्रिम पॅडलाही तेच नाव चिकटलंय.

आता माझं मत. तासन् तास सायकल चालवणाऱ्यांना जाड पॅड लखलाभ. आपल्या पाच-सहा किलोमीटरला पातळ पॅडची आतली चड्डीच बरी, सलवार किंवा पॅंटखाली कळतसुद्धा नाही. बायकांसाठीच बेतलेली घ्या. आपली बसायची हाडं सहसा पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे पॅड मागे रुंद हवं. मधोमध शिवण नको. निव्वळ सुती नको, ते घाम धरून ठेवतं. अंगाला घट्ट बसावी, पण मांडीचं इलॅस्टिक रुतू नये. घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका, हॅंडल धरल्यासारखं पुढे वाका. ऑफिसात पोचल्यावर लगेच बदला, ओलसर पॅडवर दिवसभर बसलं तर पुरळ येणारच. रोज धुवायची, म्हणून निदान दोन हव्यात. पावसाळ्यात तीन, कारण पॅड वाळता वाळत नाही.

आणि हो, सीटच तुमच्या मापाची नसेल, तिची उंची किंवा कल चुकला असेल, तर कुठलीही चड्डी काही करू शकत नाही. आधी ते बघा. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी उगाच खर्चातही पडू नये. एवढ्या अंतराला साधी, जाड शिवण नसलेली चड्डीही पुरते.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण आई. १९७८ साली ती नोकरीला लागली तेव्हा लेडीज सायकलने जायची. दोन वर्षांत सोडली. रहदारी वाढली म्हणून, असं आम्ही कायम ऐकलं. परवा माझी ती चड्डी दोरीवर दिसली तेव्हा तिने हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, "मला बसवत नव्हतं गं. म्हणून सोडली. सांगणार कोणाला?"

वडिलांनाही नाही, डॉक्टरांनाही नाही. मग पंचवीस वर्षं बसच्या रांगेत.

आमच्याकडे बायकांच्या चड्ड्या दोरीवर टॉवेलखाली वाळतात. पॅड तसं वाळत नाही, वास येतो. म्हणून आता मी ती उन्हात, उघड्यावर टाकते. परवा आईनेच टॉवेल बाजूला सरकवला.