चौकटीत काय ठेवायचे?

मोबाइल हाती आल्यापासून आपल्या महाविद्यालयात फोटो न काढणारा विद्यार्थी दाखवा आणि बक्षीस मिळवा! स्नेहसंमेलन असो, सहल असो, नाही तर टपरीवरचा चहा. कळ दाबल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नाही. मात्र यांतले किती फोटो पुन्हा पाहावेसे वाटतात, असे विचारले की सारे गप्प.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला आता धावत नाही. अडीच फुटी रुळांवरचा तो ११३ किलोमीटरचा प्रवास. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन. गाडी चालू होती तेव्हा मी शाळकरी पोर होतो. परवा तिच्यावर काही लिहावे म्हणून काकांच्या जुन्या मोबाइलमधले फोटो मागितले. मोतीबाग स्टेशनवरचे चांगले सतरा निघाले. सतराही फोटोंत काका मधोमध, गॉगल लावून, आणि गाडी त्यांच्या खांद्यामागे अर्धी कापलेली! एकात तर सिग्नलचा खांब थेट डोक्यातून उगवलेला. गाडी गेली, आणि आमच्याजवळ गॉगल उरला.

म्हणून माझे मत असे की, काय ठेवायचे याच्या आधी काय वगळायचे ते ठरवावे. कळ दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवावी. नको ते खांब नि नको त्या कोपरखळ्या तिथेच सापडतात. मोबाइलमध्ये चौकटीचे नऊ भाग पाडणाऱ्या रेषा असतात, त्या चालू कराव्यात आणि मुख्य वस्तू रेषा छेदतात तिथे ठेवून पाहावी. दूरचे जवळ आणायला पडदा बोटांनी ताणण्यापेक्षा चार पावले चालावे. रूळ उभ्याने टिपले तर नुसते लोखंड दिसते. उकिडवे बसून टिपले तर तेच रूळ नजरेला धरून लांब नेतात. आणि आपल्याकडच्या भर दुपारी माणसाचा फोटो काढूच नये, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात.

कुणी म्हणेल, रोल थोडाच संपतो, शंभर काढू! कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज क्षणही लागत नाही, पैसाही लागत नाही. हे आपल्यासारख्या खिसा फाटक्यांना वरदानच आहे. पण शंभर काढायचे तर शंभर जागांवरून काढा ना! आपण एकाच जागी उभे राहून काढतो.

हे सारे काकांना ऐकवले. रागावले नाहीत. म्हणाले, "मंग तुह्या आजीचा तरी नीट काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी ओसरीवर तूर पाखडत होती. तिरपे ऊन सुपावर आणि तिच्या हातांवर पडलेले. मी खाली बसून मोबाइल धरला, तोच ती म्हणाली, "थांब रे बाबू, नवं लुगडं नेसून येतो." आणि उठलीच. परत आली ती ताठ उभी राहिली, चौकटीच्या अगदी मधोमध. तो काढला. मग बरीच विनवणी करून तिला पुन्हा सुपाशी बसवले. तोवर ऊन ओसरीवरून सरकले होते.