ओळीच्या शेवटी काय दडलंय?

शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दोन याद्या आहेत असं समजा. एका फाईलमध्ये 'शेख आयेशा', दुसरीतही 'शेख आयेशा'. अक्षरं तीच, तरी याद्या ताडून पाहणारा प्रोग्रॅम म्हणतो, हे नाव सापडत नाही. मुलगी यादीबाहेर! कारण एवढंच की एका यादीत नावानंतर चुकून स्पेसबार दाबला गेला आहे. आपल्याला ती मोकळी जागा दिसत नाही. संगणकाला मात्र तेही एक अक्षरच, 'क' किंवा 'ख'सारखं.

आपल्या घरांतली पुष्कळ मुलं-मुली आता प्रोग्रॅमिंग शिकतात, म्हणून हे सांगावंसं वाटलं. नोटपॅड प्लस प्लस वापरत असाल तर 'व्ह्यू' मेनूतल्या 'शो सिम्बॉल'मध्ये 'शो ऑल कॅरेक्टर्स' निवडा. स्पेसच्या जागी ठिपके, टॅबच्या जागी बाण उमटतात आणि ओळ जिथे संपते तिथे लहानशी चौकट दिसते. व्हीएस कोडमध्ये मजकूर नुसता निवडला तरी ठिपके दिसतात.

आता त्या चौकटीविषयी. विंडोजच्या फाईलीत तिथे सीआर आणि एलएफ अशी दोन चिन्हं असतात, लिनक्सच्या फाईलीत एकटं एलएफ. हा टेलिप्रिंटरच्या काळाचा वारसा. सीआर म्हणजे छपाईचा गाडा ओळीच्या सुरुवातीला आणा, एलएफ म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकवा. गाडा गेला, कागद गेला, खुणा राहिल्या! विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालवताना हेच जादा सीआर आडवं येतं आणि बिचारा विद्यार्थी रात्रभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे सीआरएलएफ किंवा एलएफ असं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक करून एलएफ निवडा आणि फाईल सेव्ह करा.

ओळीअखेरच्या मोकळ्या जागा काढायला नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'एडिट', मग 'ब्लँक ऑपरेशन्स', मग 'ट्रिम ट्रेलिंग स्पेस'. पण डोळे झाकून नको. मार्कडाऊनमध्ये ओळीच्या शेवटच्या दोन स्पेस म्हणजे 'इथे ओळ तोडा' असा हुकूम असतो. त्या गेल्या की कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटतात. आणि यादीत नावानंतर स्वल्पविराम देऊन गाव, इयत्ता लिहिली असेल, तर नावामागची स्पेस ओळीच्या मध्येच राहते, या आज्ञेने ती जात नाही. तिथे 'रिप्लेस' उघडून 'स्पेस आणि स्वल्पविराम'च्या जागी नुसता स्वल्पविराम घाला.