अंगठा गरिबाचा, गुप्तता धनिकाची

गेल्या पंधरा वर्षांत भारतातील गरिबाच्या बोटाला जेवढे महत्त्व आले, तेवढे त्याच्या पोटाला आले नाही. रास्तभाव दुकानातील धान्य असो, वृद्धाचे निवृत्तिवेतन असो की मजुराची मजुरी असो, सरकारदरबारी 'हा तोच' असा निर्वाळा यंत्राने दिल्यावाचून हक्काचे माप पदरात पडू नये, अशी व्यवस्था देशभर रूढ होत गेली आहे. सत्ताधारी तिला सुशासन म्हणतात, भांडवलदारांची वृत्तपत्रे तिला क्रांती म्हणतात आणि पुरोगामी म्हणविणारे अनेक जण 'तंत्रज्ञान तटस्थ असते' या समजुतीपोटी तिच्याकडे काणाडोळा करतात. तंत्रज्ञान तटस्थ असेलही. परंतु ते कोणाच्या हाती आहे, कोणावर चालविले जाते आणि ते चुकले तर भुर्दंड कोणी सोसायचा, हे प्रश्न तटस्थ नाहीत. ते वर्गीय प्रश्न आहेत.

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची विद्या या देशात वसाहतवादी राज्यकर्त्यांनी रुजविली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारनाम्यावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, तो पुढे त्याने शब्द फिरवू नये म्हणून. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर नोंदणी झालेल्या जमातींतील माणसांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींनी तो जाच सोसला आणि १९५२ साली कायदा रद्द झाला तरी कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही त्याचा ठसा घ्यायचा, हे या विद्येचे मूळ सूत्र होते.

या सूत्राविरुद्धचा पहिला मोठा सामुदायिक लढा ट्रान्सवालमधील भारतीयांनी दिला. तेथील काळ्या कायद्याने आशियाई लोकांवर ठशांसह नोंदणीची सक्ती केली, तेव्हा गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. १९०८ च्या प्रारंभी समझोता झाला, त्यानुसार त्यांनी स्वेच्छेने ठसेही दिले. पण सरकारने सक्तीचा कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांवर नोंदणीपत्रांची होळी झाली. गांधीजींचे भांडण शाईशी नव्हते, सक्तीशी होते. स्वेच्छेने दिलेला ठसा आणि दंडुक्याच्या किंवा उपासमारीच्या धाकाने घेतलेला ठसा यांतील भेद त्यांनी जगाला दाखवून दिला. 'आधार'च्या प्रकरणात नेमका तोच भेद पुसून टाकण्यात आला आहे.

या योजनेचा जन्म काँग्रेसच्या राजवटीत झाला, हे विसरून चालणार नाही. प्राधिकरण २००९ साली स्थापन झाले आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले क्रमांक वाटण्यात आले. योजना ऐच्छिक आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यासाठीचे विधेयक डिसेंबर २०११ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने नापसंत केले, तरी कायद्यावाचून कोट्यवधी लोकांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा गोळा होतच राहिल्या. 'आधार' नाही म्हणून कोणाचे नुकसान होऊ नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१३ रोजी दिला. प्रशासनाने त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. २०१५ साली तर भाजप सरकारच्या महान्यायवाद्यांनी त्याच न्यायालयात, नागरिकाला खासगीपणाचा मूलभूत अधिकारच नाही, असा युक्तिवाद केला. विरोधी पक्षात असताना योजनेवर टीका करणाऱ्यांनी सत्तेवर येताच ती दुप्पट जोमाने राबविली. राज्यकर्ता पक्ष बदलला तरी राज्यसंस्थेची भूक बदलत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

मार्च २०१६ मध्ये कायदा झाला, तोही धन विधेयकाच्या आडवाटेने. राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. मात्र २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा तगला. बँक खाते आणि मोबाइल यांच्या जोडणीची सक्ती न्यायालयाने रद्द केली; अनुदान आणि धान्य यांसाठीची सक्ती, म्हणजे कलम ७, कायम ठेवली. हा कायदा धन विधेयक म्हणून संमत करणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे न्या. चंद्रचूड यांनी आपल्या भिन्न मतात नमूद केले. निकालाचा सामाजिक अर्थ सरळ आहे. मध्यमवर्गाच्या मोबाइलला मिळालेले संरक्षण गरिबाच्या भाकरीला मिळाले नाही.

सक्तीचे समर्थन गळती थांबविण्याच्या नावाने केले जाते. हे समर्थन अर्थशास्त्राच्या कसोटीवर तपासले पाहिजे. रास्तभाव दुकानातील चोरी दोन प्रकारची असते. एक, खोट्या नावाने धान्य उचलणे. दुसरी, खऱ्या माणसाला कमी माप देणे. अंत्योदय कुटुंबाचा अंगठा पस्तीस किलोंवर घेऊन तीस किलो पिशवीत घातले, तर यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. उलट चोरीवर अधिकृत मोहोर उमटते. मुरलीधरन, निहाउस आणि सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी झारखंडमध्ये केलेला अभ्यास २०२० साली पुढे आला. अंगठ्याच्या सक्तीने तेथे गळती सरासरीने घटली नाही, लाभार्थ्यांचा त्रास मात्र वाढला आणि ज्यांची जोडणी झालेली नव्हती अशांपैकी काहींचे धान्य तुटले, असे त्यात आढळले.

यंत्र किती वेळा चुकते, हे सरकारच्याच कागदांत आहे. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने पडताळणी फसण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज दिले. २०१८ साली सरकारी सेवांतील पडताळणीच्या यशाचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयात सांगितले. बँकेच्या हिशेबात शंभर रुपयांमागे बारा रुपये चुकले, तर व्यवस्थापक तुरुंगात जाईल. येथे चूक यंत्राची आणि शिक्षा म्हातारीला! ऊस तोडणाऱ्याच्या, दगड फोडणाऱ्याच्या, विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवरील रेषा श्रमाने झिजतात. ज्या श्रमावर समाज उभा आहे, तोच श्रम या व्यवस्थेत अपात्रतेचे कारण ठरतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी जोडणी नसल्याने शिधापत्रिका रद्द झाली आणि घरात धान्य नव्हते, असे कुटुंबाने सांगितले. सरकारने मलेरियाकडे बोट दाखविले. मृत्यूच्या कारणावर वाद घातला गेला; पण अशा घराची शिधापत्रिका रद्द करणाऱ्या व्यवस्थेला जाब कोण विचारणार, हा प्रश्न तसाच राहिला.

आता याच राज्यसंस्थेचा धनिकांशी व्यवहार पाहावा. २०१७ च्या वित्त कायद्याने आयकर विवरणासाठी आणि पॅन क्रमांकासाठी आधार सक्तीचे केले. त्याच कायद्याने निवडणूक रोख्यांचा मार्ग मोकळा केला; देणगीदाराचे नाव मतदाराला कळू नये अशी तजवीज केली आणि कंपन्यांच्या देणग्यांवरील, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही उठविली. एकाच कायद्याच्या एका पानावर नागरिकाची ओळख सक्तीची आणि दुसऱ्या पानावर धनिकाची ओळख गुप्त! पाच किलो धान्य घेणाऱ्याने बोट दाखवावे. कोट्यवधी रुपये देऊन सत्तेकडून काय घेतले जाते, हे मात्र कोणी विचारू नये. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरविले. पण त्यामागची वृत्ती घटनाबाह्य ठरविणे हे न्यायालयाचे काम नव्हे, जनतेचे आहे.

तर मग बोगस शिधापत्रिका चालू द्यायच्या काय, असा प्रश्न विचारला जाईल. मुळीच नाही. छत्तीसगडने २००४ पासून खासगी दुकानदारांच्या हातून दुकाने काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्था यांच्याकडे दिली आणि धान्याच्या वाहतुकीची जबाबदारी सरकारवर टाकली. तेथील सुधारणेची सुरुवात अंगठ्याने झाली नाही. महाराष्ट्रानेही दुसरा धडा घालून दिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि १९७७ साली कायद्याचे रूप घेतलेल्या रोजगार हमीत मजुराची एकच कसोटी होती : अंगमेहनतीची तयारी. उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू आहे, हे ओळखायला यंत्र लागत नव्हते. त्या विचाराचा वारसा सांगणाऱ्या मनरेगात १ जानेवारी २०२४ पासून मजुरीसाठी आधाराधारित देयक पद्धती सक्तीची झाली. घाम गाळल्यानंतरही मजुरी हाती पडण्यासाठी नोंदी जुळाव्या लागल्या.

जाळे आता धान्याच्या पलीकडे पसरले आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांचे ठसे, बुबुळे व जैविक नमुने घेण्याची आणि ही माहिती ७५ वर्षे जपण्याची तरतूद केली. मोर्चात पकडला जाणारा कार्यकर्ता यातून सुटेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आणि माहिती अधिकाराच्या कायद्यालाही कात्री लावली. नागरिक सरकारला पारदर्शक आणि सरकार नागरिकाला अपारदर्शक, अशी ही उलटी लोकशाही आहे.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी हा प्रश्न वकिलांवर सोडून चालणार नाही. कलम ७ मध्येच, क्रमांक न मिळालेल्या व्यक्तीला ओळखीचा पर्यायी मार्ग देण्याचे बंधन आहे. पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारू नये, असे प्राधिकरणाचे ऑक्टोबर २०१७ चे परिपत्रकही आहे. हे कागद प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावले गेले पाहिजेत. धान्य नाकारले तर नकार कारणासह लेखी मागितला पाहिजे आणि असे नकार गोळा करून तहसील कचेरीवर मोर्चा नेला पाहिजे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सांगितलेल्या दक्षता समित्या गावोगाव जिवंत केल्या पाहिजेत. धान्य, मजुरी आणि निवृत्तिवेतन यांसाठी ठशांची सक्ती रद्द करा, ही पक्षाची जाहीर मागणी झाली पाहिजे.

सावकाराच्या कागदावर अंगठा उठविल्याने जमिनी गमावलेल्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सुप्याच्या बाजारात कर्जखती जाळली. आजचा सावकार कागद ठेवीत नाही, तो माणसाची बोटेच गहाण ठेवून घेतो. ती सोडवून घेण्याचे काम गावातील रास्तभाव दुकानापासून सुरू झाले पाहिजे.