ससून लायब्ररीचं छप्पर आणि कोकणातले आपले सिनेगॉग



मुंबईला काळा घोडा इथली डेव्हिड ससून लायब्ररी दुरुस्त होऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडली. ती पिवळी दगडी इमारत आपल्यातल्या पुष्कळ जणांनी येता-जाता पाहिलेली असेल. फोटो छान आले, पण त्या दुरुस्तीत नेमकं काय केलं, आणि आपण त्यातून काय घ्यायचं, ते जरा बघू या.

आधी थोडा इतिहास. टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी १८४७ साली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून यांनी तिच्या इमारतीसाठी ६०,००० रुपये दिले, उरलेला खर्च सरकारने केला. इमारत १८७० मध्ये पुरी झाली. ससूनसाहेबांना ती बघायला मिळाली नाही, ते १८६४ मध्येच पुण्याला वारले. आत त्यांचा पुतळा आहे.

बांधकाम मालाडच्या दगडाचं, व्हिक्टोरियन गॉथिक पद्धतीचं. टोकदार कमानी नुसत्या शोभेच्या नाहीत बरं का! कमानींमागे व्हरांडा आहे, त्यामुळे ऊन-पाऊस थेट आत येत नाही आणि हवा खेळती राहते. जुन्या हॉस्पिटलांतले वॉर्डही असेच असायचे, उंच छत आणि समोरासमोर खिडक्या. विजेचे पंखे नव्हते तेव्हाची ही अक्कल.

मूळ छप्पर उतरतं होतं. १९६० च्या दशकात ते काढून वर सपाट काँक्रीटचा स्लॅब टाकला. उतारावरून पाणी आपोआप वाहून जातं. सपाट जागी ते साचतं, भेग शोधतं आणि खाली झिरपतं. वर स्लॅबचं वजन जुन्या भिंतींवर. आणि खाली पुस्तकं! ओल लागली की कागदाला बुरशी आलीच. जखमेत पू असताना वरची पट्टी बदलून भागत नाही, हे कुठलीही नर्स सांगेल. गळक्या छपराखालच्या भिंतीला रंग देणं म्हणजे तेच. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवलं. आजाराच्या मुळावर इलाज झाला.

आता पैशाचं बघा. तो कंपन्यांच्या फाउंडेशनांनी आणि ट्रस्टांनी दिला. जवळचाच १८८४ चा केनेसेथ एलियाहू सिनेगॉगही २०१९ मध्ये असाच देणगीतून दुरुस्त झाला. दक्षिण मुंबईतल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तिथे पर्यटक येतात, पेपरात नाव येतं. देणाऱ्यांना तिथे द्यावंसं वाटतं, यात नवल नाही.

पण अलिबाग, रेवदंडा, पनवेलचे आपले सिनेगॉग? पाऊस तिथेही तसाच कोसळतो. माणसं मात्र इकडे आली. जिथे मिन्यानला दहा पुरुष जमवायची पंचाईत, तिथे छप्पर कोण तपासणार? छोटी गळती वेळीच बुजवली तर थोडक्यात भागतं. दहा वर्षं तशीच राहिली तर लाकूड कुजतं, भिंत फुगते, आणि मग लाखांचा आकडा निघतो. तेवढा देणारा रेवदंड्याला येईल, या भरवशावर राहू नये.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पेसाह ते शावुओत हे दिवस कोकणात पावसाआधीचे. दरवर्षी त्या दिवसांत प्रत्येक सिनेगॉगचं छप्पर आणि पन्हाळी जाणत्या माणसाकडून तपासून घ्याव्यात, आणि इथून जाणाऱ्या देणगीतला ठरावीक वाटा फक्त त्यासाठी बाजूला ठेवावा. पाटीवर नाव नाही लागलं तरी चालेल. ससूनसाहेबांच्या नावाची पाटी तर होतीच, तरी स्लॅबमधून पाणी आत आलंच ना?