मोत्याचं पाणी

लग्नसराई आली की आजीची नथ डबीतून बाहेर निघते. उजेडात धरली की तिच्यातले बसरा मोती नुसते पांढरे दिसत नाहीत. सायीसारखे पिवळसर, कडेला हलकी गुलाबी झाक. हा रंग कुणी चढवलेला नाही. शिंपल्याने एकावर एक चढवलेल्या पातळ थरांतून प्रकाश परततो, तेच मोत्याचं पाणी. इराणच्या आखातात पाणबुडे जीव धोक्यात घालून हे मोती काढत. मुंबईच्या बाजारात ते निवडले, विंधले जात. आज रंगवलेल्या मोत्यांच्या गर्दीत ही झाक ओळखणारी नजर हरवू नये, असं आम्हांला मनापासून वाटतं. म्हणून या अंकात किमतीपेक्षा रंगाकडे आणि पाणबुड्यांकडे अधिक पाहिलं आहे. तुमच्या घरच्या मोत्यांची झाक कोणती? जरूर कळवा.