ताकदीची सुई: कोणाला, कशासाठी?

तापातून उठल्यावर किंवा सुगीच्या कामांनी अंग मोडून आल्यावर दवाखान्यात जाऊन ‘ताकदीची सलाईन’ लावून घ्यायची, ही महाराष्ट्रातल्या खेड्यांची जुनी रीत. शहरी सुशिक्षितांनी तिला बरीच नावे ठेवली. आता तीच बाटली मुंबई-पुण्याच्या वेलनेस क्लिनिकांमध्ये ‘व्हिटॅमिन ड्रिप’ म्हणून परतली आहे. थकवा, केसगळती, निस्तेज त्वचा, रात्रीच्या पार्टीनंतरची डोकेदुखी या सगळ्यांवर एकच उतारा, आणि दर काही हजारांत. खेड्यातल्या अर्ध्या लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. शहरातल्या बाटलीत जीवनसत्त्वांची भर पडते, एवढाच फरक.

या मिश्रणाचे मूळ अमेरिकेत बाल्टिमोरला सापडते. तिथले डॉ. जॉन मायर्स मॅग्नेशियम, कॅल्शियम, ‘ब’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे एकत्र करून रुग्णांच्या शिरेत देत. १९८४ मध्ये ते वारले आणि पुढे दुसऱ्या एका डॉक्टरने ‘मायर्स कॉकटेल’ प्रसिद्धीस आणले. धडधाकट माणसाला त्याचा फायदा होतो, हे दाखवणारा भक्कम पुरावा आजही नाही. ड्रिपने कर्करोग आणि मधुमेहही आटोक्यात येतो अशी जाहिरात करणाऱ्या टेक्सासमधील एका कंपनीवर २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली होती. ‘ब’ आणि ‘क’ गटातली जास्तीची जीवनसत्त्वे बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. महाग पडते ती एवढ्यासाठीच.

म्हणून जीवनसत्त्वाचे प्रत्येक इंजेक्शन थोतांड ठरत नाही. ‘ब-१२’ची कमतरता आपल्याकडे खरोखरच मोठी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले. शहरी मध्यमवर्गीयांमध्ये तर ८१ टक्क्यांमध्ये. शाकाहार हे त्याचे एक मोठे कारण. दीर्घकाळ कमतरता राहिली तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरभोळेपणा येतो, आणि मज्जातंतूंची हानी कधी कधी भरून येत नाही.

पण ते लाल इंजेक्शन प्रत्येकाला लागते का? जठरात तयार होणारे एक प्रथिन ‘ब-१२’ला चिकटते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषले जाते. ज्यांच्यात हे प्रथिनच बनत नाही, ज्यांच्या जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम दिसू लागला आहे, त्यांना इंजेक्शन हवेच. ज्यांच्या केवळ आहारात ते कमी आहे, त्यांचे गोळीवर भागते. या प्रथिनाची मदत नसली तरी गोळीतला सुमारे एक टक्का भाग आपसूक शोषला जातो. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहा मायक्रोग्रॅम. रोजची गरज दोनच्या आसपास. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यातही मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी रक्तातील पातळी इंजेक्शनइतकीच वाढलेली दिसली, अर्थात त्यातले अभ्यास मोजकेच होते.

खरा धोका तपासणीआधीच सुई टोचण्यात आहे. इंजेक्शननंतर रक्तातील ‘ब-१२’चा आकडा काही काळ फुगतो आणि मूळ कमतरता होती की नाही, हेच कळेनासे होते. थकव्यामागे थायरॉईड असू शकते, आतड्यातला छुपा रक्तस्राव असू शकतो, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिनही असू शकते. दर महिन्याला सुई घेऊन दोन दिवस बरे वाटते आणि निदान पुढे ढकलले जाते.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. ते चरबीत साठते, लघवीवाटे जात नाही. आपल्याकडे त्याचे सहा लाख युनिटांचे इंजेक्शन सर्रास दिले जाते. ते वारंवार घेतले तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या होतात आणि मूत्रपिंडालाही इजा होते. मोठी मात्रा एकदम देणे म्हणजे अधिक फायदा, असेही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ महिलांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडाने घेणाऱ्या गटात पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण वाढले, कमी झाले नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये तर निरोगी प्रौढांनी ‘ड’ची सरसकट तपासणीही करू नये, असे सुचवले. आपल्याकडची आरोग्य तपासणीची पॅकेजे मात्र त्या आकड्याभोवतीच फिरतात.

शिवाय सुई ती सुईच. गुजरातमधील मोडासा परिसरात २००९ मध्ये पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजमधून हेपेटायटिस-बी पसरला आणि अनेकांचे जीव गेले. ड्रिपमध्ये ॲलर्जीचा झटका येण्याची शक्यता कमी असली तरी असते. अशा वेळी ॲड्रेनॅलिन हाताशी आणि ते देता येणारा डॉक्टर समोर लागतो. दिवाणखान्यात ड्रिप लावून घेणाऱ्याने हे आधी विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ‘क’च्या मोठ्या मात्रेने त्रास वाढू शकतो, तर ‘जी६पीडी’ची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

एका सुईबाबत मात्र शंका घेऊ नये. नवजात बाळाच्या मांडीत ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. आईच्या रक्तातून आणि दुधातून बाळाला ते फारच थोडे मिळते, आणि त्याअभावी पहिल्या काही आठवड्यांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मात्रा असते एक मिलिग्रॅम, आणि एकदाच.