वेबसाइट स्वस्तात मिळेल, पण सांभाळणार कोण?



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "सर, आठ-दहा हजारात वेबसाइट करून मिळतेय, घेऊ का?" माझं मत स्पष्ट आहे. दर महिन्याला सांभाळायची तयारी असेल तर घ्या. नसेल तर सध्या व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगलवरची दुकानाची नोंद पुरेशी आहे.

हे मी ठेच लागल्यावर बोलतोय. सावेडीत माझं गिफ्ट-स्टेशनरीचं दुकान आहे. ऐन दिवाळीच्या तोंडावर राहुरीहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, तुमची साइट उघडली की जुगाराचं पान येतंय." साइट बनवणाऱ्याने फोटो गॅलरीचं एक प्लगइन टाकलं होतं. तीन वर्षांत ते ना त्याने अपडेट केलं, ना मी. आठ दिवस साइट बंद. पण धंदा बुडाला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. ऑर्डर देणाऱ्यांचे नंबर आणि पत्ते त्याच साइटवर होते. एकेकाला फोन करून "सांभाळून राहा" सांगताना जीभ जड झाली होती.

नेमकं होतं काय? समजा, दुकानात नवीन पोरगा ठेवलाय. गिऱ्हाईक म्हणालं, "आतून तो डबा आण", की तो आणतो. उद्या कुणी म्हणालं, "गल्ल्याची चावी आण", तर तीही आणून देतो, कारण काय द्यायचं नाही हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. कच्चं प्लगइन असंच वागतं. फोटोच्या जागी दुसऱ्याच फाइलचं नाव दिलं, तरी न तपासता ती उघडतं. मग डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलही बाहेर जाते. काही वेळा तर चोराने ठेवलेली फाइलच साइटवर चालवली जाते. याला 'फाइल इन्क्लूजन' म्हणतात.

स्लायडर रिव्होल्यूशन या गाजलेल्या प्लगइनमध्ये अशीच त्रुटी होती. कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये ४.२ व्हर्जनमध्ये ती गुपचूप दुरुस्त केली. तरी डिसेंबरमध्ये एक लाखाहून जास्त वर्डप्रेस साइट्सना 'सोकसोक' मालवेअरची लागण झाली, आणि ११ हजारांहून जास्त डोमेन गूगलने ब्लॅकलिस्ट केली. औषध होतं, मग आजार का पसरला? कारण हे प्लगइन अनेक थीममध्येच जोडून यायचं. ते आपल्या साइटवर आहे, हेच कित्येक मालकांना माहीत नव्हतं!

म्हणून साइट घेताना चार गोष्टी करा:

१. सगळ्या प्लगइनची यादी लेखी मागा, थीमसोबत आलेल्यांचीही.
२. अपडेट कोण करणार आणि वर्षाचे किती घेणार, हे आधीच ठरवा. वर्डप्रेस ५.५ पासून ऑटो-अपडेटची सोय आहे, पण थीमसोबत आलेलं प्लगइन त्यातून सुटू शकतं.
३. न वापरलेलं प्लगइन नुसतं बंद करू नका, डिलीट करा. फुकटात मिळणारं 'क्रॅक' प्लगइन तर नकोच.
४. बॅकअप स्वतःकडे ठेवा. ॲडमिन, होस्टिंग आणि डोमेनचे पासवर्डही तुमच्याच हातात हवेत.

दुकानाचं शटर रोज रात्री आपण दोनदा ओढून बघतो ना? मग वेबसाइटला महिन्यातून अर्धा तास द्यायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकाने नंबर तुमच्या विश्वासावर दिलाय, डेव्हलपरच्या नाही.